ढील देणारा हात

मराठीत 'ढील' या शब्दाला फारशी इज्जत नाही. मुलाला ढील दिली की ते बिघडणार, कामात ढील पडली की काम रखडणार, हे आपण धरूनच चालतो. या शब्दाचा मान राखतो तो फक्त पतंग उडवणारा. मांजा नुसता ओढत राहिलं तर पतंग गोते खातो किंवा मांजाच तुटतो, हे त्याला ठाऊक असतं. वारा जोर धरतो तेव्हा मांजा बोटांतून सुटू द्यावा लागतो, आणि सुटत असतानाही पतंग हातातच असतो. ढील देणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं, हे त्याच्या बोटांनी शिकून घेतलेलं असतं. कॅलिफोर्नियातल्या जुन्या घोडेस्वार गुराख्यांनी, म्हणजे वाकेरोंनी, घोडा शिकवण्याची आपली विद्या याच फरकावर उभी केली. आज अमेरिकेच्या पश्चिम भागात तीन-चार दिवसांच्या छोट्या कार्यशाळांमधून ती शिकवली जाते, आणि आयुष्यात कधी गुरं न वळलेली माणसंही ती शिकायला येतात. जनावराशी मवाळ वागणं ही नुसती मनातली भावना असती, तर अशा कार्यशाळांची गरज पडली नसती. घोड्यावर माया असणारे लोक पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचे हात जड आहेत. मवाळपणा हे हाताचं कसब आहे. कसब असल्यामुळेच ते शिकता येतं, शिकवता येतं, आणि वाकेरो परंपरेने तर ते घोड्याच्या साजातच गुंफून ठेवलं आहे, असं या लेखाचं म्हणणं आहे.

या परंपरेचा इतिहास तिच्या शब्दांतच सापडतो. स्पॅनिशमध्ये 'वाका' म्हणजे गाय, त्यावरून गाईंमागे फिरणारा तो 'वाकेरो'. त्यातल्या पहिल्या अक्षराचा स्पॅनिश उच्चार 'ब'कडे झुकतो, म्हणून इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी त्याचं 'बकरू' झालं. घोड्याच्या डोक्यावरचा जो साज या विद्येच्या मुळाशी आहे त्याला 'हाकिमा' म्हणतात, इंग्रजीत 'हॅकमोर'. हा शब्द अरबी 'शकीमा'वरून आला. इ.स. ७११ पासून १४९२ पर्यंत आयबेरियाच्या कमी-अधिक भागावर मुस्लिम सत्ता होती. त्या काळात उत्तर आफ्रिकेतल्या झनाता बर्बर स्वारांची, आखूड रिकिबीत गुडघे वाकवून चपळ घोडा चटकन वळवण्याची रीत तिथे रुजली. १५१९ मध्ये स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्याबरोबर सोळा घोडे होते. बेर्नाल दियास या त्याच्या सोबत्याने त्यांची एकेक करून नोंद ठेवली आहे. पुढे गुरं इतकी वाढली, की ज्या स्थानिकांना सुरुवातीला घोड्यावर बसायची बंदी होती त्यांनाच घोड्यावर बसवावं लागलं. त्यांच्या भाषेनेही साजात जागा मिळवली. घोड्याच्या केसांच्या दोरीला वाकेरो 'मेकाते' म्हणतात, ते नाहुआत्ल भाषेतल्या 'मेकात्ल' म्हणजे दोर या शब्दाचं रूप. १७६९ मध्ये सान दिएगोला स्पॅनिश धर्मप्रसारकांचं पहिलं मिशन उभं राहिलं, १८२३ पर्यंत आजच्या कॅलिफोर्नियाच्या हद्दीत अशी एकवीस मिशनं झाली, आणि त्यांच्या कुरणांवर ही पद्धत घडत गेली. मराठी वाचकाला हा प्रवास अगदीच परका वाटू नये. आपले लगाम, रिकीब, जीन, चाबूक हे शब्दही अरबी-फारसीच्या वाटेने आले आहेत. त्या घोडेस्वारीची एक शाखा स्पेनवरून मेक्सिकोला गेली आणि दुसरी दख्खनला आली.

हाकिमाचा जीव आहे 'बोसाल'मध्ये. बैलाच्या तोंडावरच्या म्होरकीशी त्याचं नातं सांगता येईल. वेसणीशी मात्र नाही, कारण बोसाल कुठेही कातडी भेदून आत जात नाही. न कमावलेल्या कातड्याच्या बारीक वाद्या कातड्याच्याच गाभ्याभोवती विणून हे थेंबाच्या आकाराचं कडं तयार करतात. वरचा जाड विणीचा भाग नाकाच्या हाडावर टेकतो, दोन्ही बाजू गालांलगत खाली उतरतात आणि हनुवटीखाली एका जड गाठीत मिळतात. त्या गाठीशी सुमारे बावीस फुटांची मेकाते अशी बांधतात, की तिच्यातूनच स्वाराच्या हातातल्या दोऱ्या होतात आणि घोडा पायी चालवत न्यायला लांब टोकही उरतं. मेकातेच्या विणीतून केसांची टोकं बाहेर आलेली असतात, म्हणून ती मानेला नुसती टेकली तरी घोड्याला कळतं. आता स्वाराने उजवी दोरी किंचित उचलली, तर आधी हनुवटीखालची गाठ उजवीकडे हलते, मग बोसालची डावी बाजू जबड्याला लागते, आणि नाकावरचा भाग सरकतो तो सगळ्यात शेवटी. खरी ओढ बसण्याआधी एवढं सगळं घडून जातं, आणि शहाणा घोडा त्यातल्या पहिल्याच हालचालीला उत्तर द्यायला शिकतो. त्याने उत्तर दिलं की स्वाराने बोटं उघडायची. गाठीच्या वजनाने बोसाल आपोआप खाली पडतो आणि जबड्याचा स्पर्श तत्क्षणी सुटतो. घोडा शिकतो तो या सुटण्यातून.

हीच दोरी कुणी ताणून धरली, तर घोडा मान ताठ करतो, जबडा आवळतो आणि दोरीवर रेलतो. साडेचारशे-पाचशे किलोच्या जनावराशी रस्सीखेच करून माणूस जिंकत नाही. थोड्याच दिवसांत नाकावरची कातडी बधिर होते, जबड्याखाली सोलवटतं, आणि बोसालचा उपयोग संपतो. जड हाताला हा साज साथच देत नाही, आणि त्याचं मोठेपण मला यातच दिसतं. तोंडात लोखंड असलं की दुखण्याच्या भीतीने घोडा काही काळ तरी ऐकतो, आणि ऐकतोय म्हणून आपला हात बरोबर आहे असा स्वाराचा समज होतो. बोसाल हा समज टिकू देत नाही. चूक लगेच दिसते, तीही घोड्याच्या अंगावर.

टप्प्यांचा क्रमही याच विचाराने लावलेला आहे. सुरुवात जाड बोसालने होते, साधारण पाच-अष्टमांश इंच किंवा त्याहून थोडा जाड. घोडा हलका होत जातो तसा बोसालही बारीक होत जातो. दुसरा टप्पा दोन लगामांचा. घोड्याच्या तोंडात आता लोखंडी लगाम येतो, पण त्याच्याखाली पेन्सिलीएवढा बारीक बोसाल तसाच राहतो, आणि सुरुवातीचे सगळे इशारे त्या जुन्या ओळखीच्या दोरीनेच दिले जातात. लगाम घोडा नुसता वागवत असतो. जिभेने तो तोलायचा, त्यावरच्या तांब्याची चव घ्यायची, त्यातलं छोटं चाक जिभेने फिरवत राहायचं, एवढंच त्याचं काम. पुढे महिन्यामागून महिने इशाऱ्यांचा भार एका दोरीवरून दुसरीवर सरकत जातो. तिसऱ्या टप्प्यात लगाम एकटा राहतो, स्वार एका हाताने चालवतो आणि दोऱ्यांना झोळ असतो. या सगळ्याला पाच ते सात वर्षं लागतात. एवढा वेळ कशाला, याचं एक उत्तर घोड्याच्या तोंडातच आहे. अडीच ते पाच वर्षांच्या वयात त्याचे दुधाचे दात पडून कायमचे येतात आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास तोंड भरतं. हिरड्या दुखऱ्या असण्याच्या या काळात नाकावरून शिकवायचं आणि दात पक्के झाल्यावर तोंडात लगाम द्यायचा, हा क्रम शरीराच्या घडणीला धरून आहे. जुन्या वाकेरोंपाशी प्राणिवैद्यकाची पुस्तकं नव्हती, पण शिंगराचं तोंड उघडून पाहायची सवय होती.

गुरं पकडण्याच्या दोरातही हेच सूत्र दिसतं. 'ला रेआता', ज्याचं इंग्रजीत 'लॅरिएट' झालं, तो कातडी वाद्यांचा विणलेला दोर साठ फूट किंवा त्याहूनही लांब असे. टेक्सासच्या गुराख्यांनी आखूड दोर खोगिराच्या पुढच्या खुंटीला घट्ट बांधण्याची रीत उचलली. कॅलिफोर्नियात तसं करणं शक्य नव्हतं, कारण कातडी दोराला एकदम हिसका बसला की तो तुटतो. म्हणून वाकेरो दोर खुंटीभोवती नुसता गुंडाळायचे आणि बैलाच्या ओढीबरोबर तो सरकू द्यायचे. स्पॅनिशमध्ये 'दार ला व्हुएल्ता' म्हणजे वेढा देणे. त्याचं इंग्रजीत 'डॅली' झालं. सरकणारा दोर हिसका पोटात घेतो, त्यामुळे दोर वाचतो, बैलाची मान वाचते आणि घोड्याची पाठही वाचते. लगाम घोड्याच्या तोंडाचा आणि दोर बैलाच्या मानेचा, पण दोन्हीकडे साधनच माणसाला ढील द्यायला लावतं. एका ठिकाणचा योगायोग म्हणून सोडून द्यावी अशी ही गोष्ट नाही.

छोट्या कार्यशाळेचं महत्त्व इथे लक्षात येतं. आठ-दहा स्वार, एक शिक्षक, पन्नास-साठ फूट व्यासाचं एक गोल रिंगण आणि शेजारी मोकळं कुंपण, एवढा तिचा संसार. पुष्कळ ठिकाणी पहिला धडा घोड्याशिवायच होतो. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एकाने डोळे मिटून दोरीची टोकं हातात धरायची, म्हणजे तो घोडा. दुसऱ्याने दोऱ्या धरायच्या, तो स्वार. स्वाराने एका बाजूची बोटं हळूहळू मिटत न्यायची आणि घोडा झालेल्याला कळलं की त्याने सांगायचं. स्वार झालेल्याला वाटतं आपण अजून काही केलंच नाही, आणि समोरचा 'कळलं' म्हणून मोकळा होतो. मग उलट सराव: ओढलेली दोरी सोडायची. इथे बहुतेकांची फजिती होते. मिटलेली मूठ उघडायला माणसाला वेळ लागतो, आणि उघडली तरी ती झटक्याने उघडते. तीन-चारशे प्रेक्षकांसमोर माइकवरून हे समजावून सांगता येईल, पण शिकवता येणार नाही. शिक्षकाला प्रत्येकाच्या करंगळीकडे बघावं लागतं. गाणं किंवा तबला जसा समोर बसूनच येतो, तसंच हे.

दुसरा मोठा धडा पायांचा. घोडा कदम चालीने चालतो तेव्हा चार पाय एकामागून एक पडतात: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. जमिनीवर टेकलेल्या पायावर शरीराचा भार असतो, तो त्या क्षणी बाजूला टाकता येत नाही. घोड्याला पुढचा उजवा पाय उजवीकडे टाकायला सांगायचं असेल, तर तो पाय जमीन सोडत असतानाच इशारा पोहोचला पाहिजे. क्षणभर उशीर झाला की इशारा भार पेलणाऱ्या पायाला मिळतो, घोडा अडखळतो किंवा आडमुठेपणा करतो असं वाटतं, आणि स्वार जास्त जोराने ओढतो. पाय कुठे आहे हे खाली वाकून पाहायचं नसतं, बुडाखाली ओळखायचं असतं. मागचा डावा पाय उचलला की त्या बाजूला घोड्याचं ढुंगण किंचित खाली जातं आणि त्याबरोबर स्वाराचं डावं बूडही. कार्यशाळेत लोक तासभर नुसते चालत राहतात आणि मोठ्याने 'डावा, उजवा' म्हणत राहतात. वरून पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल. पण वेळ साधली की लागणारा जोर एकदम कमी होतो, हे इथे प्रत्येकाच्या हाताला कळतं. जोर ही बहुतेक वेळा चुकलेल्या वेळेची भरपाई असते. मवाळपणा हे कसब आहे असं मी म्हणतो त्याचा सगळ्यात ठोस पुरावा हा आहे. घोड्यावर कितीही माया केली तरी पायांची वेळ त्यातून कळत नाही, ती तासभर चालूनच कळते.

एवढा सूक्ष्म इशारा घोड्याला खरंच कळतो का, अशी शंका येणं साहजिक आहे. पाठीवर माशी बसली तर घोडा तेवढीच कातडी थरथरवून ती उडवतो, हे कोणत्याही पागेत दिसेल. त्याहून मोठी साक्ष विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये मिळाली. विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा बेरीज-वजाबाकीची उत्तरं खुराने ठोके देऊन सांगायचा, म्हणून त्याची जगभर कीर्ती झाली. १९०७ मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवलं की हान्सला गणित येत नव्हतं. बरोबर आकडा जवळ आला की प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची नकळत, अतिशय बारीक हालचाल व्हायची, आणि ती पाहून घोडा थांबायचा. लोकांनी ही गोष्ट भाबडेपणाचा पर्दाफाश म्हणून लक्षात ठेवली. घोडा शिकवणाऱ्याने ती उलट बाजूने वाचावी: माणसाला स्वतःलाही न कळणारी हालचाल घोडा वाचतो. २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्यांना अनोळखी माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली, तेव्हा रागावलेल्या चेहऱ्यापुढे त्यांच्या हृदयाचे ठोके अधिक वेगाने वाढलेले आढळले. ऐकू न येणाऱ्याशी ओरडून बोलावं लागतं. घोडा ऐकतोच आहे, आणि तरी आपण ओरडतो.

आता आक्षेप. पहिला आक्षेप इतिहासाचा, आणि तो टाळता येणार नाही. रिचर्ड हेन्री डाना हा तरुण १८३५ मध्ये खलाशी म्हणून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर आला आणि १८४० मध्ये त्याने त्या प्रवासाचं पुस्तक लिहिलं. त्यात तिथल्या स्वारांच्या टाचांना लावलेल्या बोथट, गंजक्या काट्यांचं, घोड्यांच्या सोलवटलेल्या कुशींचं आणि एक घोडा दमला की त्याला सोडून दुसरा धरण्याच्या रिवाजाचं वर्णन आहे. घोडे मुबलक होते, म्हणून स्वस्त होते. त्यात भर म्हणजे ज्या मिशनांच्या कुरणांवर ही विद्या वाढली, तिथले बहुतेक राबते हात बाप्तिस्मा दिलेल्या स्थानिक आदिवासींचे होते. त्यांना मिशन सोडून जायची मुभा नव्हती आणि त्यांच्या पाठीवर फटकेही पडत. अशा ठिकाणच्या परंपरेला सौम्य म्हणणं हा इतिहासावर रंग फासण्याचा प्रकार नाही का? वाकेरो पद्धत जन्मतःच सौम्य होती असं कुणी म्हणत असेल, तर हा आक्षेप पूर्ण खरा आहे. त्या कुरणांवर दोन्ही गोष्टी होत्या: घोडा वापरून टाकणारे स्वार आणि वर्षानुवर्षं एक घोडा घडवणारे स्वार. हाकिमा, दोन लगाम आणि शेवटी एकटा लगाम हा क्रम दुसऱ्या लोकांनी जपला, कारण वापरून टाकायच्या घोड्यासाठी सात वर्षं कोण घालवतं? परंपरा म्हणजे जे जे घडलं ते सगळं नव्हे. पुढच्या पिढ्यांनी निवडून हाती दिलं ते. ही निवड कुणी केली हे माहीत आहे. पूर्व ओरेगनच्या रँचवर वाढलेले बिल डोरन्स (१९०६–१९९९) आणि टॉम डोरन्स (१९१०–२००३) हे भाऊ. त्यातले बिल पुढे कॅलिफोर्नियात सालिनासजवळ राहिले आणि स्वतः कातडी दोर विणत. टॉमकडून शिकलेले रे हंट (१९२९–२००९) गावोगाव कार्यशाळा घेत फिरले. त्यांचे शिष्य बक ब्रॅनमन यांच्यावरचा 'बक' हा माहितीपट २०११ मध्ये आला. ब्रॅनमन यांनी लहानपणी वडिलांची बेदम मारहाण सोसली, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. मार खाऊन वाढलेल्या माणसाचा हात हलका होऊ शकतो, याहून मवाळपणा शिकता येतो याचा दुसरा दाखला कशाला हवा? आणि ही आजकालची नाजूक कल्पना आहे असंही नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफन याने घोडेस्वारीवरच्या ग्रंथात बजावलं होतं, की बळजबरीने करून घेतलेल्या कृतीत ना समज असते ना सौंदर्य.

दुसरा आक्षेप साजावरचा. शेवटच्या टप्प्यातल्या लगामाला 'स्पेड' म्हणतात. त्याच्या मधोमध चमच्याच्या आकाराची उभी पट्टी असते, दोन-तीन इंच उंच, टाळूच्या दिशेने वर गेलेली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते छळाचं हत्यार वाटतं, आणि जड हातात ते खरोखर तसंच आहे. भारतातल्या वाचकाला लगेच लग्नाच्या वरातीतल्या घोड्याच्या तोंडातला काटेरी लगाम आठवेल. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या क्रूरता प्रतिबंधक नियमांनी आपल्याकडे अशा काटेरी लगामावर बंदी घातलेली आहे. मग स्पेड वेगळा कसा? काटेरी लगाम दुखवण्यासाठीच घडवलेला असतो; नुसता हलला तरी त्याची टोकं रुततात. स्पेड गुळगुळीत असतो, तोललेला असतो, आणि तोंड मिटून डोकं स्थिर ठेवणाऱ्या घोड्याच्या जिभेवर तो निवांत पडून राहतो. दोऱ्यांच्या टोकाला साखळ्या असतात, त्यामुळे हाताची हालचाल तोंडापर्यंत पोहोचायला क्षण लागतो आणि तेवढ्यात घोडा उत्तर देतो. जुन्या कॅलिफोर्नियातल्या स्वारांबद्दल सांगतात, की ते दोरी लगामाला घोड्याच्या दोन-चार केसांनी बांधून घोडा थांबवून, वळवून दाखवत, आणि केस तुटत नसत. पण एक गोष्ट कबूल करायला हवी. पूर्वी असा लगाम घोड्याच्या तोंडात जाण्याआधी काही वर्षांचं शिक्षण आडवं येत असे. आता तो दुकानात पैसे टाकून कुणालाही मिळतो. टप्पे गाळून शेवटचं साधन उचलणाऱ्याला परंपरेचं नाव घ्यायचा अधिकार नाही. चांगल्या कार्यशाळेत हे स्पष्ट सांगितलं जातं, आणि आयुष्यभर बोसालवरच राहणाऱ्या स्वाराला कुणी कमी लेखत नाही.

तिसरा आक्षेप अधिक खोल आहे. दोरी उचलणं, स्पर्श करणं, मग सोडणं, यात आधी अडचण निर्माण करायची आणि नंतर ती दूर करायची असाच व्यवहार आहे. दाब हलका असला तरी तो दाबच. याउलट खाऊ देऊन शिकवलं तर? फ्रान्समधल्या रेन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खाऊ देऊन शिकवलेले घोडे शिकवण जास्त काळ लक्षात ठेवतात आणि माणसाजवळ अधिक आपणहून येतात, असं आढळलं. हा पुरावा मानायला हवा, आणि जमिनीवरच्या कामात त्याचा उपयोग करायला कुणाची हरकत नसावी. पण पाठीवर माणूस बसला की दाब टाळता येत नाही. सत्तर किलोचा माणूस पाठीवर असणं हाच एक दाब आहे. तो डावीकडे झुकला तरी घोड्याला काहीतरी सांगितलं जातं. दाब असावा का, हा प्रश्न बसल्याक्षणी संपतो. उरतो प्रश्न दिशेचा. वर्षागणिक इशारा लहान होत चालला आहे की मोठा? वाकेरो क्रमाला एक कसोटी आहे आणि ती कुणालाही लावता येते: सातव्या वर्षी लागणारा जोर पहिल्या वर्षापेक्षा कमी हवा. जाड बोसालवरून बारीक बोसालकडे, दोन हातांवरून एका हाताकडे, ताणलेल्या दोरीवरून झोळ पडलेल्या दोरीकडे. ज्या पद्धतीत घोडा मोठा होतो तसतसा लगाम अधिक कडक, टाचेचा काटा अधिक तीक्ष्ण आणि तोंडाचा पट्टा अधिक आवळलेला होत जातो, ती पद्धत, तिचं नाव काही असो, नापास आहे.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: एवढा वेळ आणि पैसा कुणाकडे आहे? या परंपरेचं नाव घेणाऱ्या स्पर्धांतही मोठ्या बक्षिसांच्या लढती तीन वर्षांच्या शिंगरांसाठी असतात, म्हणजे दोन वर्षांच्या वयातच त्यांच्यावर खोगीर चढतं. बाजार घाई मागतो हे खरं आहे. पण घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो, आणि त्याच्या पाठीच्या कण्याची हाडं पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत पक्की होत असतात. सुरुवातीची वाचवलेली दोन वर्षं पुढे लंगडेपणातून आणि बिघडलेल्या तोंडातून वसूल होतात. नुकसान मात्र घोड्याचं होतं, घाई करणाऱ्याचं नाही. शिवाय हा वेळ बाजूला काढून ठेवलेला नसायचा. वाकेरोचं शिंगरू कुरणावरचं हलकं काम करता करताच शिकत असे. आणि ताकदीशिवाय हे जमतं का, असं विचारणाऱ्यांसाठी १९६१ सालचं उदाहरण आहे. कॅलिफोर्नियाच्या शीला व्हेरियन या तरुण शिक्षिकेने स्वतः या पद्धतीने घडवलेल्या 'रोन्तेझा' या अरबी घोडीवर बसून सान फ्रान्सिस्कोजवळच्या काउ पॅलेसमधली गुरं वळवण्याची खुली स्पर्धा जिंकली. पुरुष व्यावसायिक स्वारांमध्ये असा विजय मिळवणारी ती पहिली स्त्री. अंतिम फेरीत घोडी घसरून पडली आणि शीला पाठीवर असतानाच उठून पुन्हा कामाला लागली. पडलेली घोडी आपल्या स्वारासकट उठते आणि बैलामागे जाते, ते भीतीपोटी होत नसतं.

घोड्याला चाल शिकवणाऱ्याला मराठीत चाबूकस्वार म्हणत. त्या नावात हत्यार आलं, शिकवणं आलं नाही. पण आपल्याच लोककथेत एक शहाणा प्रश्न आहे: भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? उत्तर एकच, न फिरवल्याने. घोडा अडला तर दोष घोड्याचा नाही, त्याला वेळेवर न फिरवणाऱ्या हाताचा आहे, हे त्या उत्तरात गृहीत आहे. सालिनासच्या डोंगरात किंवा नेव्हाडाच्या माळरानावर तीन दिवस चालणाऱ्या कार्यशाळेतून माणूस घरी नेतो ते एवढंच: अडलेल्या घोड्याकडे पाहण्याआधी स्वतःच्या मुठीकडे पाहण्याची सवय. ही सवय कॅलिफोर्नियाची मक्तेदारी नाही. माथेरानच्या वाटेवर, सारंगखेड्याच्या बाजारात, वरातीच्या दिव्यांखाली, जिथे कुठे घोडा दिसेल तिथे त्याच्या अंगावरच्या झुलीकडे पाहण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. ओठांच्या कोपऱ्यांत जखम आहे का? आणि हातापासून तोंडापर्यंतच्या दोरीला झोळ आहे का? झोळ असेल आणि तरी घोडा शांतपणे, कान हलवत, स्वाराबरोबर चालत असेल, तर त्यामागे कुणीतरी पुष्कळ वर्षं बोटं उघडायला शिकण्यात घालवली आहेत, हे खुशाल समजावं.